मागून चालणारे हुडगे सर

हुडगे सरांबद्दल मी कुठं बोलत नाही. माझ्या निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या एका पोरीनं माइक पुढं करून विचारलं, ‘सर, तुमचे गुरू कोण?’ मी तिसऱ्याच एका सरांचं नाव सांगितलं. ते गृहस्थ चांगले होते, पण त्यांनी मला काही शिकवलं नव्हतं. गफूर पुढच्याच रांगेत बसला होता. त्यानं मान खाली घातली. घरी जाताना स्कूटरवर माझ्यामागं बसून तो एवढंच म्हणाला, ‘बोलता येत न्हाई तर लिहून तरी काढ रे.’ म्हणून लिहितोय.

नांदेडला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात मी आणि गफूर एकाच वर्षी दाखल झालो. ती दुष्काळाची वर्षं होती. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट होती: जिल्हा झाला म्हणजे हापिसं होणार, हापिसं झाली म्हणजे जागा निघणार. कॉलेजात कबड्डी, खो-खो, शरीरशास्त्र हे नेहमीचे पेपर होते आणि एक पेपर होता ‘मैदानी करमणूक, शिबिर आणि नेतृत्व’. नाव वाचूनच आम्ही हसलो होतो. सुट्टीत नायगावला गेलो तर वडिलांनी विचारलं, ‘काय काय शिकवायलेत?’ मी सगळं सांगितलं, करमणुकीचंही सांगितलं.

‘कशाची करमणूक?’

‘म्हणजे लोकांना रानात न्यायचं, खेळवायचं, शिबिरं घ्यायची. त्याची सगळी व्यवस्था कशी लावायची ते.’

 वडील आईकडं बघून म्हणाले, ‘हिरीला पाणी न्हाई, आन् ह्यो करमणूक शिकायलाय. शिक बाबा, शिक.’

हा पेपर हुडगे सर शिकवायचे. बुटका, काटक माणूस. रफू केलेली खाकी अर्धी पँट, पायात कॅनव्हासचे बूट. त्या बुटांना ते पांढरा रंग लावायचे नाहीत, वर्गातल्या खडूचे तुकडे ओले करून चोळायचे. डोक्यावर उन्हानं विटलेली टोपी. गळ्यात शिट्टी आणि शर्टाच्या आत लिंगायतांचं इष्टलिंग. शिट्टी सहसा वाजवायचे नाहीत. ‘शिट्टी ही शेवटची गोष्ट हाय,’ म्हणायचे. ‘शिट्टी वाजवावी लागली म्हणजे आधी कायतरी चुकलेलं असतंय.’ शिबिरात सकाळी एका बाजूला बसून लिंगपूजा करायचे, ती पळीभर पाण्यात. आमच्यापैकी कुणी तोंड धुवायला तांब्यावर तांब्या ओतताना दिसला की पूजेतूनच म्हणायचे, ‘देवाला पळीभर पुरतंय रे. तू कोण लागून गेलास?’

मूळचे ते रेणापूरचे. आई आणि बायको तिकडंच. सर नांदेडला एका खोलीत राहायचे आणि पंधरा दिवसांतून एकदा एस.टी.नं घरी जाऊन यायचे. आईला दिसत नव्हतं. आजोळ निलंग्याकडचं असल्यामुळं पोरं मोजताना त्यांच्या तोंडी कानडी यायचं. ओंद, येरड, मूर, नाल्क. बोटानं मोजत नसत. नुसती मान हलायची आणि ओठ. मोजून झालं की टोपी काढून डोक्यावर उंच धरायचे. त्याचा अर्थ सगळे आले, मागं कोणी राहिलं नाही, पुढच्यानं निघावं. दोन फर्लांगांवरूनसुद्धा ती टोपी दिसली की आम्ही चालू पडायचो.

कारण सर नेहमी मागं असायचे. हीच त्यांची पद्धत. वाट दाखवायला, मुक्काम शोधायला पुढं एखाद्या विद्यार्थ्याला पाठवायचे, त्याला ‘पुढचा’ म्हणायचे. स्वतः सगळ्यात शेवटी. पाणीही शेवटी प्यायचे, जेवायलाही शेवटी बसायचे. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, वय झालंय, चालवत नसेल. मग भोकरच्या डोंगरात पहिली पायपीट झाली आणि कळलं.

आमच्यात एक विठ्ठल होता. अंगानं भारी, मनानं हळवा. कॉलेजात कसा आला देव जाणे. त्या दिवशी एक उंच पोरगा ‘पुढचा’ होता. त्यानं गडी झपाझप नेले, दुपारच्या आत आम्ही टेकडीवर पोचलो, टाळ्या पिटल्या. सर आणि विठ्ठल आले दिवस कलताना. दोघं गप्पा मारत येत होते, विठ्ठल हसत होता. त्याची पिशवी सरांच्या खांद्यावर होती. त्या उंच पोरानं मोठ्या उत्साहानं सांगितलं, ‘सर, आमी कवाच पोचलाव!’

सरांनी पिशवी खाली ठेवली. ‘तू पोचलास,’ म्हणाले. ‘तुझी तुकडी आत्ता पोचली. वहीत आत्ताची वेळ लिही.’

रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. आम्हाला मात्र त्या दिवशीचं जेवण गेलं नाही.

त्यांचे तासही असेच. पहिल्या तासाला आम्हाला मैदानावरच्या लिंबाखाली बसवलं आणि गप्प बसून राहिले. सावली सरकली की म्हणायचे, ‘सरका.’ पुन्हा गप्प. पुन्हा ‘सरका.’ आम्ही एकमेकांना कोपरानं ढोसत होतो, हा काय येडा माणूस मिळाला! तास संपताना उठले आणि म्हणाले, ‘तंबू सकाळी ठोकता, सावली सकाळची बघता. झोपायचं दुपारी असतंय. सावली कुठं जाणार हाय ते आधी बघा, मग खुंटी मारा.’ बस, एवढाच तास. पण मी आयुष्यात शेकडो मांडव ठोकून घेतले आणि प्रत्येक वेळी आधी सूर्याकडं बघितलं.

रानात शिरताना मात्र त्यांचा एक नियम पक्का होता. जवळच्या वस्तीवर आधी विचारायचं. रान कुणाचं, वाट कुणाची, पाणी कुणाचं. ‘रान हे कुणाच्या तरी घराचं आंगण असतंय. खामखा घुसायचं न्हाई.’ आणि दुष्काळात तर वस्तीच्या पाण्याला हातच लावायचा नाही. आपलं पाणी आपण न्यायचं, मोठ्या गावातून भरून, खांद्यावर. शिबिर उठलं की सर पाठीमागं हात बांधून सगळी जागा फिरायचे. राख, सुतळीचा तुकडा, काडी सगळं उचलायला लावायचे. ‘आपण आलताव हे रानाला कळलं न्हाई पायजे.’

वडिलांच्या बोलण्याचं उत्तर मला सरांनीच दिलं, न विचारता. एकदा सकाळी आम्हाला नांदेडच्या बाहेर दुष्काळी कामावर घेऊन गेले. खडी फोडायचं काम चालू होतं. बायामाणसं फोडत होती आणि त्यांची लेकरं धुळीत बसून होती. रडतही नव्हती. सर म्हणाले, ‘एक तास ह्यांना खेळवा. साधन काय न्हाई. साधन न्हाई म्हणून अडू नका.’

आम्ही बत्तीस जण पांढऱ्या पँटी घालून उभे. लाज वाटत होती. तिकडं माणसं पोटासाठी दगड फोडतायत आणि आपण इकडं काय टिपरी-पाणी खेळायचं? मीच बोललो, ‘सर, ह्यांना करमणूक काय करायची? ह्यांना भाकर पायजे.’

‘भाकर सरकार देईल, दिली तर,’ सर म्हणाले. ‘खेळ कोण देणार? करमणूक भरल्या पोटाचीच असती, आसं कुणी सांगितलं तुला?’ आणि स्वतः उकिडवे बसले, करवंटीत वाळू भरली, डोक्यावर ठेवली आणि हात सोडून बेडकासारख्या उड्या मारायला लागले. वाळू तोंडावर सांडली. एक लेकरू हसलं. मग दुसरं. तासाभरानं खडी फोडणाऱ्या बायासुद्धा हातोडे थांबवून बघत होत्या आणि मुकादम ओरडत होता. परतताना मला वाटलं, मला हेच करायचंय. खरंच वाटलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ह्याला काहीच कळलं नव्हतं. सगळं कळलं होतं.

सर कॉलेजात कायम नव्हते. नऊ वर्षं झाली, दर जूनला नवा हुकूम निघायचा. त्या वर्षी मात्र लातूरच्या नव्या जिल्ह्यात क्रीडा विभागाची एक जागा निघाली होती, शिबिरं भरवायची. सरांची मुलाखत झाली होती आणि नाव जवळजवळ पक्कं होतं. आमचे प्राचार्यच तसं म्हणाले होते. सर स्वतः कधी बोलत नसत, पण एकदा भाकरी खाता खाता गफूरला म्हणाले, ‘लातूर झालं का रोज रेणापूरला जाता येईल बघ. आईला डोळ्यांनी दिसत न्हाई, पण माझी सायकल वाजली का वळखती.’ आम्ही सगळे त्या जागेची वाट बघत होतो. आमच्यातला एकही माणूस असा नव्हता की ज्याला ती जागा सरांना मिळावी असं वाटत नव्हतं.

परीक्षेचं शिबिर त्यांनी मुद्दाम आपल्या भागात ठेवलं. रेणापूरला एस.टी.नं उतरायचं, तिथं डबे भरून घ्यायचे आणि चार कोसांवरच्या माळावर मुक्काम. ‘पुढचा’ मी होतो. माझी परीक्षा. मार्गाला दहा गुण, मुक्कामाला दहा, पाण्याला दहा. बरोबर गफूर धरून चार जण. बाकीचे मागच्या एस.टी.नं येणार आणि सगळ्यांच्या मागं सर.

रेणापूरच्या नळाला रांग होती. पाण्याचे मोठे चार डबे भरायला दीड तास गेला असता, आणि भरलेले डबे चार कोस वाहायचे म्हणजे खांदे निघाले असते. मला लवकर पोचून दाखवायचं होतं. भोकरचा तो उंच पोरगा, विठ्ठल, ती वहीत लिहिलेली वेळ, सगळं विसरलो. म्हणालो, ‘वाटेत वाडी हाय, तिथं हिर आसल. चला रिकामेच.’

गफूर म्हणाला, ‘सर काय म्हणतेत ठावं हाय ना?’

‘सर मागं हायत,’ मी म्हणालो.

हे माझंच वाक्य. अजून कानात आहे.

वाडी मुख्य वाटेपासून जरा आत होती. मागच्यांसाठी मी फाट्यावर दगडांचा बाण सरळ माळाकडं मांडला आणि आम्ही पाच जण डबे घेऊन वाडीत वळलो. गावाचं नाव लिहीत नाही, ती माणसं अजून आहेत. विहिरीच्या कडेनं घागरींची रांग लागलेली. बाया सावलीला, घागरी उन्हात. ज्याची घागर पुढं त्याची पाळी. खाली विहिरीत एक बाई उतरून कपारीतलं पाणी वाटीनं पोहऱ्यात भरत होती. मी वाकून बघितलं. वाटी खरवडल्याचा आवाज येत होता.

मी कसा दिसत होतो ते सांगतो. पांढरी पँट, टोपी, गळ्यात शिट्टी, काखेत वही, हातात तंबूची जागा मोजायचा टेप. एक म्हातारा फेट्याची टोकं सावरत लगबगीनं आला. त्यांना सगळे आप्पा म्हणत होते. हात जोडून म्हणाले, ‘लातूराहून आलाव का साहेब? जिल्ह्याच्या हापिसातून?’

मी काही बोललो नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं.

‘ट्यांकरचं बघायला आलाव न्हवं? आरज देऊन लई दिस झाले. आदी उस्मानाबाद लांब होतं, आता आपला जिल्हा झालाय म्हणल्यावर येतेल म्हणलं कुणीतरी.’

‘हां,’ मी म्हणालो. ‘बघायलाच आलोय.’

गफूरनं मागून माझा शर्ट ओढला. मी त्याचा हात झटकला.

मग काय विचारता! आप्पांनी घोंगडं अंथरलं. ‘साहेबास्नी पाणी द्या, आदी साहेबास्नी,’ अशी हाकाटी झाली. ज्यांच्या घागरी भरून झाल्या होत्या त्यांनी आपणहून आमच्या डब्यांत रिकाम्या केल्या. अकरा घागरी. शेवटची सोजरबाई नावाच्या म्हातारीची होती. गळ्याला लाल चिंधी बांधलेली घागर. पहाटेपासून बसून आत्ताच भरली होती म्हणे. तिनं स्वतः ओतली, तळ हातानं निपटून काढला आणि घागर रांगेच्या पार शेवटी नेऊन ठेवली. ‘ट्यांकर आल्यावर आमाला काय कमी हाय, लेकरा,’ असं म्हणाली. मला लेकरा म्हणाली.

आप्पा म्हणाले, ‘साहेब, काय तरी लिहून द्या. कागुद आसला म्हणजे बरं असतंय.’

आणि मी लिहून दिलं. वही उघडली, चाळीस उंबऱ्यांची नावं आप्पांना विचारून विचारून लिहिली, माणसं किती, जनावरं किती, सगळं. खाली लिहिलं, आठ दिवसांत टँकरची व्यवस्था होईल. एक वाकडीतिकडी सही केली. पान फाडून दिलं. आप्पांनी ते कपाळाला लावलं आणि फेट्यात खोवलं. पाणी मिळाल्यावर खरं सांगून मोकळं व्हायचं तर तेव्हाही होता आलं असतं. पण मला त्या साहेबपणाची गोडी लागली होती. खोटं कशाला सांगू, लिहिताना मजा येत होती.

माळावर पोचलो, तंबू ठोकले, दुपारची सावली बघून खुंट्या मारल्या. सर आले, मोजलं, टोपी वर केली. भरलेले डबे बघून मला म्हणाले, ‘रेणापूरचं पाणी?’

‘हो सर.’

‘खांदा दाखव.’ माझ्या खांद्यावर वळ होता, वाडीपासून माळापर्यंतचा. सरांनी त्यावर हात ठेवला. ‘शाबास,’ म्हणाले. तीन दिवस आम्ही ते पाणी प्यालो. सर नेहमीसारखे शेवटी.

वाडीवाल्यांनी आठ दिवस वाट बघितली, आणखी चार दिवस बघितली आणि मग आप्पा कागद घेऊन पायी लातूरला गेले. तिथं कुणी असला साहेब पाठवलेलाच नव्हता. पण पानाच्या तळाला बारीक अक्षरांत आमच्या कॉलेजचं नाव छापलेलं होतं. कॉलेजातल्या सगळ्या वह्यांना तसं असायचं. मी ते बघितलंच नव्हतं. लातूराहून पत्र आलं, मागून आप्पाही आले.

प्राचार्यांच्या खोलीत आम्हा पाच जणांना उभं केलं. आप्पांना खुर्ची दिली होती, ते खाली जमिनीवर मान घालून बसले होते. प्राचार्य तापले होते. सरकारी माणूस असल्याचं सोंग घेतलं, पोलिसांत द्यायला पाहिजे, नाव कळलं की कॉलेजातून काढणार, वगैरे. ‘कोण होता?’

कोणी बोललं नाही.

सर दारापाशी उभे होते. त्यांनी टेबलावरचा तो कागद उचलला. वर्षभर माझ्या वह्या तपासलेला माणूस तो. माझा ‘ळ’ कसा असतो, ‘झ’ कसा असतो, सगळं त्यांना पाठ. कागद त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. चाळीसच्या चाळीस नावं वाचली. मग घडी घातली.

‘कुणी लिहिलंय?’ त्यांनी विचारलं. आमच्याकडं बघितलं नाही, खाली फरशीकडं बघत होते. एकदाच विचारलं आणि थांबले. खूप थांबले. तेवढी उसंत माझ्यासाठी सोडली होती, हे मला तेव्हाही कळत होतं.  डोळ्यापुढं वडील दिसत होते, कॉलेजातून काढलेला मी दिसत होतो. सर सोडून सगळं दिसत होतं.

‘शिबिराचा प्रमुख मी होतो,’ सर प्राचार्यांना म्हणाले. ‘जिम्मेदारी माझी. नाव लिहायचं तर माझं लिहा.’

आप्पा मान हलवायला लागले. ‘न्हाई, न्हाई. हे नव्हते. ह्यास्नी आमी बघितलंबी न्हाई.’

‘मी मागं होतो, आप्पा,’ सर म्हणाले. ‘मागं असतो त्याचंच असतंय सगळं.’

आप्पांनी आमच्याकडं बघितलं, एकेक करत. माझ्यापाशी त्यांची नजर थांबली. ओळखलं त्यांनी मला, का नाही ओळखणार? तोंड उघडलंही होतं. पण सरांनी त्यांच्यापुढं हात जोडले आणि म्हातारा गप्प झाला.

जूनला सरांचा हुकूम निघाला नाही. लातूरच्या यादीतलं नावही गेलं. जिल्ह्याच्या ऑफिसचीच ती तक्रार, तिथं त्यांना कोण घेणार?

गफूर त्या दिवशी बाहेर येऊन माझ्याशी भांडला. ‘तू बोलशील म्हणून मी थांबलो रे! तू बोलशील म्हणून!’ तो एकटा जाऊन सगळं सांगणार होता. मी त्याच्या पाया पडलो. माझ्यासाठी तोही गप्प बसला आणि त्याचंही त्याला अजून लागतं.

कॉलेज सोडायच्या आधी सरांनी परीक्षेच्या वह्या परत केल्या. माझी वही हातात दिली. मार्गाला आठ, मुक्कामाला नऊ. पाण्यासमोरची जागा कोरी. मी वर बघितलं.

‘ते तू भर,’ सर म्हणाले आणि पुढच्या पोराची वही उचलली.

मी खोलीवर जाऊन नऊ भरले. दहा भरायची लाज वाटली, एवढीच काय ती माझी लाज.

मी पहिल्या वर्गात पास झालो. दोन वर्षांनी लातूरची तीच जागा पुन्हा निघाली. मुलाखतीत विचारलं, ‘शिबिर-प्रमुखाचं मुख्य काम काय?’ मी म्हणालो, ‘सगळ्यांच्या मागं चालणं. प्रमुख पोचला म्हणजे तुकडी पोचत नाही.’ साहेब लोक खूश झाले. एक जण म्हणाले, ‘वा, हे कुठल्या पुस्तकात आहे?’ मी म्हणालो, ‘अनुभवातून सांगतोय, सर.’ जागा मला मिळाली.

सरांचं पुढचं मला गफूरकडून कळत गेलं. ते रेणापूरला परतले आणि पहिल्या आठवड्यातच त्या वाडीत गेले. माझा कागद आप्पांकडून मागून घेतला. चाळीस नावांचा नवा अर्ज स्वतःच्या हातानं लिहून काढला आणि लातूरच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर जाऊन बसायला लागले. रोज. साहेब आला की उठून उभे राहायचे, साहेब गेला की बसायचे. महिन्यानं टँकर सुटला. मग वाडीतल्या लेकरांसाठी त्यांनी तिथंच एक विनाअनुदान शाळा उभी केली, पत्र्याची, आणि तिथंच राहिले. ‘तुझी चौकशी करतेत,’ गफूर सांगायचा. ‘म्हणतेत, त्याच्या शिबिरात पाणी नीट असतंय का बघत जा.’ मी दर वेळी ठरवायचो, ह्या रविवारी जायचं. पाया पडायचं, सगळं सांगायचं. त्यांना माहीतच होतं, पण माझ्या तोंडून सांगायचं. रविवार येत गेले.

सहा-सात वर्षांनी माझ्या टेबलावर एक फाइल आली. वाडीच्या शाळेला मैदानाची मंजुरी पाहिजे होती, जागेवर पाहणी करून अहवाल द्यायचा होता. खाली मुख्याध्यापकांची सही. अक्षर मला ओळखायला वेळ लागला नाही. आता मात्र देवानंच पाठवलं म्हणालो आणि जीपनं निघालो. त्या पाहणीचं आधीच सांगून टाकतो. मैदान मी बघितलं नाही. ऑफिसात परत येऊन ‘पाहणी केली, जागा योग्य आहे’ असं लिहिलं आणि सही केली. त्या वाडीच्या नावानं माझा दुसरा खोटा कागद.

तेही वर्ष पाण्याचं नव्हतं. वाडीच्या तोंडाशी टँकर उभा होता आणि घागरींची रांग लागली होती. आता बाया घागरींपाशीच उभ्या होत्या. रांगेच्या शेवटी, सगळ्यांच्या मागं, एक बुटका माणूस पितळी घागर घेऊन उभा होता. खाकी अर्धी पँट, विटकी टोपी. दाढी पिकलेली. त्यांच्या मागून एक बाई आली, तिला त्यांनी पुढं घेतलं. दुसरी आली, तिलाही घेतलं. पुन्हा स्वतः शेवटी.

जीप बघून रांगेतली एक म्हातारी लगबगीनं पुढं आली. कपाळावर हात धरून काचेतून आत बघत म्हणाली, ‘साहेब, लातूराहून आलाव का?’

सोजरबाई होती की दुसरी कुणी, मला सांगता येणार नाही. मी तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही. समोर फक्त सर दिसत होते. त्यांनी जीपकडं मान वळवली होती. मी दरवाजाच्या मुठीवर हात ठेवला. उतरायचं, पंचवीस पावलं चालायचं आणि म्हणायचं, सर, मी. तेवढंच तर होतं.

‘गाडी फिरव,’ मी ड्रायव्हरला म्हणालो.

‘साहेब, मैदान?’

‘फिरव म्हणलं ना!’

त्यानं गाडी वळवली. धूळ उडाली. ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, ‘ते मास्तर आपल्याकडंच बघायलेत साहेब. वळखीचे हायत का?’

‘न्हाई,’ मी म्हणालो.

मग मीही आरशात बघितलं. सरांनी घागर खाली ठेवली होती. त्यांनी टोपी काढली आणि हात ताणून डोक्यावर उंच धरली. सगळे आले, मागं कोणी राहिलं नाही, पुढच्यानं निघावं. फाटा येईपर्यंत ती टोपी तशीच वर होती.

सरांची मोजणी मी तेवढी एकदाच चुकलेली बघितली.